१० एचपी कॉम्प्रेसर, ५ एचपी ब्लोअर: बिल कमी करायला सुरुवात कुठून करू?

पत्राकाम:
नमस्कार. पत्र्याचं फॅब्रिकेशन आणि पेंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे, थ्री-फेज कनेक्शन. १० एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर (५०० लिटर टाकी, ६.५ बारला सुरू, ८ ला बंद), पेंट बूथचा ५ एचपी ब्लोअर बेल्टवर, दोन लेथ, दोन जुने ट्रान्सफॉर्मरवाले वेल्डिंग सेट. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस काम. बिलावर साधारण २८०० युनिट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खरं काम करणारा हिस्सा) ०.७८, मॅक्सिमम डिमांड २४ केव्हीए. एक विक्रेता म्हणतो कॅपॅसिटर बसवा, युनिट २०-३० टक्के उतरतील. दुसरा म्हणतो सगळ्या मोटरी बदला. आधी कशाला हात घालू?

हवाबंद:
दोन्ही थांबवा, आधी कॉम्प्रेसर बघा. तिथली चाचणी फुकट होते.

काम बंद असताना लाइनचे सगळे कॉक उघडे ठेवून टाकी भरा. एकही टूल चालवू नका. कॉम्प्रेसर बंद झाला की त्याचा स्विच पाडा आणि गेजचा काटा ७ बारवरून ६ वर यायला लागणारा वेळ मोजा. टाकीचे लिटर गुणिले बारमधली घट, भागिले मिनिटं, एवढी गळती मिनिटाला लिटरमध्ये. मग टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद करून हीच चाचणी पुन्हा करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाइपलाइनची गळती, उरलेली टाकीकडची.

पत्राकाम:
केली. व्हॉल्व्ह उघडा असताना १०० सेकंद, बंद असताना ९ मिनिटं. कॉम्प्रेसर थांबल्यावरही प्रेशर स्विचजवळ बारीक फुसफुस सुरूच राहते.

हवाबंद:
म्हणजे एकूण ३०० लिटर, त्यातले ५५ टाकीकडचे. १० एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर मिनिटाला हजारेक लिटर देतो, तर जवळजवळ तिसरा हिस्सा हवेत जातोय. मोटर लोडवर साधारण ८.३ किलोवॅट ओढते. त्याचे ३० टक्के धरून २६० तासांचे साडेसहाशे युनिट होतात. तुमच्या २८०० मधले!

ती फुसफुस नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) आहे. मोटर थांबल्यावर अनलोडरने हेडपासून टाकीपर्यंतच्या नळीतली हवा क्षणभर सोडून गप्प बसायला हवं. नॉन-रिटर्नच्या सीटवर कार्बन बसला की टाकीतली हवा उलटी येऊन त्याच वाटेने निघत राहते. अनेक जण यासाठी प्रेशर स्विच बदलतात, आणि फुसफुस तशीच राहते. टाकी पूर्ण रिकामी करून, मेन स्विच पाडून मगच तो व्हॉल्व्ह उघडा. सीट साफ करा, डिस्क झिजली असेल तर बदला.

लाइनवर ब्रशने साबणाचं पाणी लावत चला. आधी क्विक कपलर (आतली ओ-रिंग), मग होज क्लिप, एफआरएलचा (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाउल, आणि पाणी निघावं म्हणून किंचित उघडा ठेवलेला ड्रेन कॉक. हा शेवटचा सगळ्यात महाग पडतो: ७ बारला ३ मिमीच्या भोकातून मिनिटाला सहाशेहून जास्त लिटर हवा जाऊ शकते. तिथे टायमरवाला ऑटो ड्रेन लावा.

गळती काढल्यावर कट-आउट (कॉम्प्रेसर बंद होण्याचं प्रेशर) ८ वरून ७ वर आणा. दर बारमागे ६-७ टक्के वीज वाचते. मात्र कट-इन (सुरू होण्याचं प्रेशर) खाली आला की लांब, बारीक होजवरचं टूल दमतं आणि कोणीतरी स्विच परत वर फिरवतो. ६ मिमीचा होज असेल तर तो १० मिमीचा करा, म्हणजे ही वेळ येणार नाही.

मीटरवाचक:
कॅपॅसिटरचं बोलतो. बिलात युनिट कशाचे लावलेत ते बघा. केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज) असतील तर कॅपॅसिटरने युनिट जवळपास तेवढेच राहतील. फायदा मिळेल तो डिमांड आणि पॉवर फॅक्टरच्या दंडात. केव्हीएएचवर (केडब्ल्यूएच भागिले पॉवर फॅक्टर) आकारणी असेल तर मात्र खरंच उतरतील, कारण ०.७८ वर २८०० केडब्ल्यूएचचे ३५९० केव्हीएएच होतात आणि ०.९७ वर २८८७.

माप असं: २४ × ०.७८ = १८.७ किलोवॅट. ०.७८ वरून ०.९७ वर न्यायला किलोवॅटमागे ०.५५ केव्हीएआर (कॅपॅसिटरचं माप), म्हणजे १० केव्हीएआर पुरे. डिमांड १९-२० केव्हीएवर येईल. पण एकच १० चा फिक्स कॅपॅसिटर मेनवर टाकू नका. मशीन बंद असताना पॉवर फॅक्टर लीडिंग जातो आणि व्होल्टेज चढतं. ५, ३ आणि २ चे टप्पे एपीएफसी रिलेवर (गरजेप्रमाणे टप्पे आपोआप जोडणारा) घ्या. आणि पुढे कधी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावलात तर त्याच्या आउटपुटला कॅपॅसिटर अजिबात नको, ड्राइव्ह जळतो.

पत्राकाम:
धन्यवाद, बिलावर केडब्ल्यूएचच आहे. ब्लोअरचा डँपर (हवा अडवणारी झडप) कायम अर्धा बंद असतो, त्याचं काय?

बेल्टपुली:
डँपर पूर्ण उघडा आणि पुली बदला. मोटरवरची ६ इंची काढून ५ इंची लावलीत तर पंख्याचा वेग ८३ टक्के आणि लागणारी ताकद सुमारे ५८ टक्के होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वाचलेली वीज थोडी कमी असेल, कारण अर्ध्या बंद डँपरवरही मोटर पूर्ण लोड घेत नाही. हवा कायम एकसारखीच लागते, तेव्हा व्हीएफडीचा खर्च नको. बूथमधला हवेचा वेग आधी अॅनिमोमीटरने मोजून ठेवा आणि पुली बदलल्यावर पुन्हा मोजा. थिनरची वाफ बाहेर न जाता मागे फिरू लागली तर पुली मोठी करा, इथे विजेपेक्षा फुप्फुसं आणि आगीचा धोका आधी.

मोटरी सरसकट बदलू नका. जी जळेल ती रिवाइंड न करता आयई३ (जास्त कार्यक्षमतेची मोटर) घ्या. आयई३ची स्लिप (लोडवर वेग मागे पडणं) कमी असल्याने ती किंचित जास्त वेगाने फिरते. पंख्यावर २ टक्के वेग वाढला की ६ टक्के वीज जास्त जाते आणि मोटरची बचत तिथेच संपते. म्हणून तेव्हाही पुलीचा हिशेब पुन्हा करावा लागेल.

वेल्डिंग सेट दोन जॉबच्या मध्ये स्विचवरून बंद करा, ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही करंट घेतो आणि तुमचा पॉवर फॅक्टर पाडतो.