टाइप २४० वर जुनी एलमार: नळी आत ढकलायची की नाही?

पावसाळी_भटकी (पुणे)

मंडळी, लायका एम टाइप २४० हा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा सेकंडहँड घेतलाय. त्यावर लावायला लायकाचीच एलमार ५० मिमी एफ/३.५ लेन्स मिळतेय, स्क्रू माउंटची, दुसऱ्या महायुद्धानंतरची. हिची नळी वापरताना बाहेर ओढायची, एरवी मागे ढकलून ठेवता येते. नळी आत ढकलली की कॅमेरा जॅकेटच्या खिशात जाईल हा खरा मोह. पण मॅन्युअल म्हणतं, अशा लेन्स नळी बाहेर ओढूनच वापरा, कॅमेऱ्यात ढकलू नका. काही लोक मात्र बिनधास्त ढकलतात. कोणाचं खरं मानू? शिवाय स्क्रूवाली लेन्स एम माउंटवर बसवायला अडॅप्टर कुठला घ्यायचा आणि घेताना काय बघायचं, तेही सांगा.

व्हर्नियरवाले_काका (डोंबिवली)

ताई, मॅन्युअलचं खरं. ढकलणाऱ्यांचंही खरं, पण त्यांच्या त्यांच्या लेन्सपुरतं.

माझी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे "चालतंय की" हे उत्तर मला पचत नाही. १९२५ च्या पहिल्या लायकात लेन्सच्या मागे पोकळी, मग कापडी पडदा, मग फिल्म. बाकी काही नाही. नळी त्या पोकळीत शिरायची, म्हणून तर तो कॅमेरा कोटाच्या खिशात जायचा. तुमच्या २४० मध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर फिल्मवाल्या एम इतकंच, २७.८ मिमी. पण मधे धातूच्या पात्यांचं शटर आणि त्याच्यापुढे चौकट. नळी टेकली तर ती तिथेच टेकणार, आणि शटरचं बिल एलमारच्या किमतीला लाजवेल.

कुठली नळी किती आत येते हे लेन्सगणिक बदलतं. ९० मिमी एफ/४ ची नळीवाली एलमार (१९५४ ते ६८) एम८ आणि एम९ या आधीच्या डिजिटल लायकांच्या मॅन्युअलमध्ये सरळ "वापरू नका" च्या यादीत आहे. उलट अलीकडची मॅक्रो-एलमार-एम ९० मिटली तरी बॉडीत शिरत नाही, म्हणून तिला सूट. तेव्हा "माझी समिक्रॉन (लायकाची दुसरी लेन्स) जाते" असं कोणी म्हणालं तर त्यावरून तुमच्या एलमारबद्दल काहीच ठरत नाही.

जुना उपाय आहे एक. सत्तरच्या दशकात लायकाचे एम५ आणि सीएल हे कॅमेरे आले, त्यांच्यात प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा दांडा लेन्सच्या मागे उभा राहायचा. तेव्हा लोक नळीभोवती डायमोची (लेबलं छापायची चिकट प्लॅस्टिक) पट्टी चिकटवत, म्हणजे नळी वाटेतच अडायची. आजही करता येईल. कॅमेऱ्यावर बिनधोक बसणारी, तेवढ्याच जाड बुडाची एखादी लेन्स घ्या, तिची पाठ माउंटच्या मागे किती येते ते मोजा आणि एलमार त्याच्या आतच अडवा. हे सगळं टेबलावर, लेन्स अडॅप्टरला लावून. कॅमेऱ्याच्या पोटात मोजपट्टी घालून मोजायला जाऊ नका, हात जोडतो.

पण एवढा खटाटोप कशासाठी? २४० बॅटरीसकट ६८० ग्रॅम, वर जाडजूड. नळी आत गेली तरी तो खिशाला ओझंच. आणि बाहेर ओढलेली एलमारसुद्धा आजच्या बहुतेक लेन्सपेक्षा चिमुकली असते.

मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. बाहेर ओढली की फिरवून लॉक करा, दर वेळी. रेंजफाइंडरची खिडकी लेन्समधून बघत नाही; फोकस तिच्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून करायचा. नळी आत राहिली तरी चित्र स्वच्छ दिसतं, दोन प्रतिमाही नीट जुळतात आणि फोटो मात्र पार भुसभुशीत. लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावर लेन्समधलं चित्र बघताना) लगेच कळतं, पण तो लावून बसायचं तर रेंजफाइंडर घेतला कशाला!

खारा_वारा (मुंबई)

काकांनी आतलं सांगितलं, मी काचेचं सांगतो. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून जरा तिरकं बघा. दुधाळ पडदा दिसला तर ते बहुधा ग्रीसचं धुकं, चांगला कारागीर काढून देतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. आपल्या दमट हवेत ती हमखास, आणि तिने काचेवरचं चकाकी कमी करणारं कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही. युद्धापूर्वीच्या प्रतींना कोटिंगच नसायचं. समोर ऊन असलं की त्यांच्या सावल्या राखाडी पडतात. काहींना तेच आवडतं, मला नाही.

ॲपर्चरची खुंटी लेन्सच्या तोंडावर असते. जुन्या प्रतींवर आकडे ६.३, ९, १२.५ असे दिसतील, दचकू नका. अडॅप्टर ५०/७५ चा घ्या, म्हणजे खिडकीत ५० आणि ७५ मिमीच्या चौकटी दाखवणारा, नाहीतर भलतीच चौकट येते.

बनावट एलमारही फिरतात, रशियन काचेवर नाव कोरलेल्या. खऱ्या एलमारमध्ये ॲपर्चरची पाती पहिल्या आणि दुसऱ्या काचेच्या मधे असतात, इंडस्टार या रशियन लेन्समध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या. दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक चटकन कळतो.

पावसाळी_भटकी (पुणे)

आभार दोघांचे. मग सरळ इंडस्टार-२२ च घेतली तर? तीही आत जाते, आणि खूपच स्वस्त आहे.

व्हर्नियरवाले_काका (डोंबिवली)

घ्या की, फक्त एक लक्षात ठेवा. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या लेन्सचा हिशोब धरतो, रशियन लेन्स ५२.४ च्या हिशोबाने बनलेल्या. अनंतावर दोन्ही जुळतात, जवळ येत गेलं की फरक वाढतो. एफ/३.५ ला दोन-तीन मीटरवर बहुतेक निभावतं. एक मीटरवर माणसाच्या डोळ्यावर फोकस हवा असेल तर एलमारचे जास्तीचे पैसे मोजा. आणि नळीचा नियम इंडस्टारलाही तोच.