मदत हवी आहे: किटची बिअर सोडून धान्यापासून एल (बिअरचाच एक प्रकार) बनवायची आहे

नमस्कार मंडळी,

मुक्काम रेडिंग, इंग्लंड. घरी बिअर बनवतो, पण आतापर्यंत सगळी किटवरच, म्हणजे तयार डब्यावर. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, पाकाचा डबा गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, २३ लिटरपर्यंत पाणी भरायचं आणि डब्यासोबतची यीस्टची पुडी वर भुरभुरवायची. बिअर होते, पाहुणे पितातही. पण डबा कुठलाही आणा, शेवटी जिभेवर तीच पातळ, जराशी आंबूस चव राहते. इथल्या पबातल्या बिटरला, म्हणजे कडवट इंग्लिश एलला, भाजक्या बिस्किटासारखा जो माल्टचा स्वाद असतो, तो काही केल्या येत नाही.

आता मॅरिस ऑटर या इंग्लिश जवाचा माल्ट आणून मुळापासून करायचं डोक्यात आहे. बादली, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न येऊ देणारं झाकण), हायड्रोमीटर (घनत्व मोजायची नळी), बाटल्या आहेत. पातेलं मात्र १५ लिटरचंच, आणि घरची गॅसची शेगडी. दुकानदार तीन भांड्यांचा संच गळ्यात मारायला बघतोय. तो खरंच लागतो का? आणि इथलं पाणी इतकं जड की किटली सारखी पांढरी होते, त्याचं काय करायचं? मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवतात त्याचं, तापमान कुणी ६५ सांगतं, कुणी ६८. तीन अंशांनी एवढा फरक पडतो?

प्रतिसाद – मोडाचे_जव

संच अजिबात घेऊ नका. जाळीची मोठी पिशवी घ्या, पातेल्यात बसेल अशी. पण २३ लिटरचा हट्ट सोडा. १५ लिटरच्या पातेल्यात आठ लिटर बिअर निवांत होते.

मॅरिस ऑटर १.८ किलो, क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडव्यासाठीचा भाजका माल्ट) १२० ग्रॅम, दुकानातूनच भरडून आणा. दहा लिटर पाणी ७० अंशांवर आणा, पिशवी लावा, माल्ट थोडा थोडा सोडत पिठल्यासारख्या गुठळ्या मोडत ढवळा. तापमान ६६च्या आसपास स्थिरावेल. तासाभराने पिशवी उचला, चाळणीवर ठेवून वरून चार लिटर गरम पाणी ओता, दाबून निथळू द्या. मग तासभर खळखळून उकळायचं. ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स २० ग्रॅम सुरुवातीला कडवटपणासाठी, १० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत वासासाठी. पहिली उकळी फुटताना जागेवरून हलू नका. फेस एकदम वर येतो, आणि शेगडीवर करपलेला पाक निघता निघत नाही.

फरक पडतो, हो. ६५च्या खाली यीस्टला पचणारी साखर जास्त सुटते, बिअर कोरडी आणि हलकी होते. ६८च्या पुढे न पचणारी साखर उरते, अंग भरतं. बिटरला ६६ उत्तम.

हायड्रोमीटरवर आंबण्यापूर्वीचं घनत्व १.०४५च्या आसपास आणि आंबून झाल्यावरचं १.०११ आलं, तर साधारण साडेचार टक्के अल्कोहोल. आठ लिटरला एस-०४ या एलच्या यीस्टची अर्धी पुडी पुष्कळ.

प्रतिसाद – थेम्सकाठ

पाण्याबद्दल: आदल्या रात्री दहा-पंधरा मिनिटं उकळून ठेवा. खडू तळाशी बसतो, वरचं निवळ घ्या. त्यात कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणारी) पाव गोळी चुरून टाका, नाहीतर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे दवाखान्यासारखा वास येतो. जड पाण्यात फिकट बिअर बिघडते, काळी मात्र छान जमते, कारण भाजलेल्या माल्टचा आंबटपणा पाण्यातला क्षार मोडतो. लंडनचं नाव पोर्टर या काळ्या बिअरने झालं ते उगाच नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला पोर्टर करून बघाच.

पुण्या-मुंबईहून वाचणाऱ्यांनो, इथे स्वतःपुरती बनवायला १९६३पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना बनवणं गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या.

धागाकर्ता

दोघांचे आभार, संचाचे पैसे वाचले! एकच शंका: मॅशच्या तासभरात गॅस चालू ठेवायचा का?

मोडाचे_जव

बंद. झाकण लावा, जाड टॉवेलात किंवा गोधडीत गुंडाळा. दोनेक अंश उतरले तरी चालतात. पिशवी पातेल्यात असताना खालून गॅस लावलात तर जाळी तळाला चिकटून वितळेल. आणि उकळून झालं की पातेलं थेट सिंकमध्ये, थंड पाणी आणि बर्फ घालून. २० अंशांच्या आसपास आल्याशिवाय यीस्ट घालू नका. तिथून पुढे बिअरला लागेल ते सगळं निर्जंतुक, चमचासुद्धा.