बुलेटला नंतर बसवलेल्या सेल्फ-स्टार्टची चेन वारंवार सैल पडते

कोलशेत_३५० (ठाणे)

नमस्कार. आमच्याकडे १९८६ सालची, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना किक मारणे जमेना आणि गाडी विकायला ते तयार नव्हते, म्हणून तिला बाहेरून सेल्फ-स्टार्टचा किट बसवून घेतला. मोटर सिलिंडरच्या मागे बसते आणि प्रायमरी केसच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचे कव्हर) आत एका आखूड, एकेरी चेनने क्रँकवरच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ३० दातांच्या चकतीला फिरवते. मोटरकडच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) १२ दात आहेत आणि चेनची पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधले अंतर, ९.५२५ मिलिमीटर, म्हणजे तीन-अष्टमांश इंच आहे.

अडचण अशी की ही चेन फार लवकर सैल पडते आणि केसच्या आतल्या भिंतीला घासू लागते. पहिली बदलली, आता दुसरीही त्याच वाटेने चालली आहे. सेल्फ मारताच आधी ‘खडक’ असा आवाज येतो, मग इंजिन फिरते. माजिवड्याच्या सिग्नलला इंजिन बंद करून गरम असतानाच पुन्हा चालू केले, तर कधीकधी उलटा झटकाही बसतो. वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकचे म्हणणे आहे की चेन हलक्या प्रतीची आहे, जास्त मजबूत चेन टाकावी. दोष खरोखर चेनचाच आहे, की आणखी कशाचा?

ऐरोली_लेथ (नवी मुंबई)

चेन बदलण्यापूर्वी वन-वे क्लच, म्हणजे एकाच दिशेने पकडणारी आणि उलट दिशेने मोकळी फिरणारी जोडणी, जिला आपण स्प्रॅग म्हणतो, नेमका कुठे बसवला आहे हे पाहून घ्यावे, कारण तुमच्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर तिथेच आहे. स्प्रॅग क्रँकवरच्या मोठ्या चकतीत असेल, तर इंजिन सुरू होताच चकती, चेन आणि मोटर तिन्ही थांबतात, आणि मग गाडी किती किलोमीटर चालली याला महत्त्व उरत नाही. किती वेळा स्टार्ट केली एवढेच मोजायचे. होंडाने १९६० च्या दशकातल्या सीबी७२ आणि सीबी७७ या गाड्यांत स्टार्टरसाठी चेनच वापरली होती, पण एका दिशेने पकडणारा रोलर क्लच क्रँकच्या टोकाला, रोटरच्या (वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या) मागे ठेवला होता.

स्प्रॅग मोटरच्या बाजूला असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी होते. मोठी चकती क्रँकला पक्की असल्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत चेन फिरतच राहते. तुमच्या दातांच्या हिशोबाने प्रमाण अडीचपट आहे, म्हणजे इंजिन ३००० आरपीएमवर असताना मोटरकडचे छोटे स्प्रॉकेट ७५०० वर फिरणार. आखूड चेन, १२ दात आणि उडून मिळेल तेवढेच तेल, अशा स्थितीत चेन कोणत्याही कंपनीची असली तरी तग धरणार नाही.

मजबूत चेनचा सल्ला मला पटत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. या पिचच्या एकेरी ०६बी (मापाचे नाव) चेनचे तुटण्याचे बळ सुमारे ९०० किलो असते आणि तुमची चेन तुटलेली नाही, लांबली आहे. चेन लांबते म्हणजे तिच्या प्लेटी ताणल्या जात नाहीत; प्रत्येक कडीतली पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि ती बारीक फट कडीगणिक जमा होत जाते. तुटण्याचे बळ वाढवल्याने ही झीज थांबत नाही.

कळवा_कास्टआयर्न (ठाणे)

वरच्या मताशी सहमत आहे, मात्र आधी झीज मोजून घ्यावी, कारण हाताने चेन वरखाली हलवून काढलेला अंदाज आखूड चेनच्या बाबतीत हमखास फसवतो. चेन काढून रॉकेलमध्ये धुवावी, सपाट पाटावर ताणून धरावी आणि व्हर्नियरने एका पिनच्या डाव्या कडेपासून पुढच्या बाराव्या पिनच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. नव्या चेनवर ते ११४.३ मिलिमीटर भरते. ज्या रचनेत सेंटर (दोन स्प्रॉकेटमधले अंतर) ठरलेले आहेत आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) नाही, तिथे मी दीड टक्क्याला, म्हणजे ११६ च्या आसपास, चेन बाद धरतो. हे मोजमाप चेनच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी घ्यावे. सगळीकडे सारखे आले तर झीज सतत फिरण्यामुळे झालेली असते. एका जागी जास्त, दुसरीकडे कमी आले तर झटक्यांचा संशय घ्यावा.

त्याच वेळी प्लेटींची आतली बाजूही पाहावी. एकाच बाजूच्या प्लेटी चकचकीत घासल्या असतील तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. पावसाळ्यात प्रायमरी केसमधले तेल दुधाळ झाले आहे का, हेही लेव्हल स्क्रू (तेलाची पातळी तपासण्याचा) काढून तपासावे. आपल्याकडच्या दमट हवेत, थोड्या थोड्या अंतरावर बंद-चालू होणाऱ्या गाडीत आत पाणी धरतेच.

कोलशेत_३५० (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. कव्हर उघडून पाहिले. बारा पिचचे माप सगळीकडे ११६.२ ते ११६.४ च्या दरम्यान आले. तेल स्वच्छ आहे आणि प्लेटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत. एक गोष्ट मात्र विचित्र दिसली. ३० दातांच्या चकतीवर फक्त चार लगतचे दात एका बाजूने हुकासारखे वळले आहेत, बाकीचे जवळपास नव्यासारखे आहेत. किकने इंजिन हळू फिरवले की चेनही फिरते.

ऐरोली_लेथ (नवी मुंबई)

त्या चार दातांनीच उत्तर दिले. चकती क्रँकवर मोकळी फिरणारी असती तर ती दर वेळी वेगळ्या जागी थांबली असती आणि झीज सगळ्या दातांत वाटली गेली असती. तुमची चकती क्रँकला पक्की आहे, त्यामुळे पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतो तेव्हा प्रत्येक स्टार्टला तेच दात भार घेतात. म्हणजे स्प्रॅग मोटरकडे आहे. ‘खडक’ आवाजाचा उलगडाही इथेच होतो. स्टार्ट करताना मोटर चेनला ओढते. इंजिन सुरू झाल्यावर क्रँक चेनला ओढते. म्हणून ताठ बाजू आणि सैल बाजू यांची अदलाबदल होते आणि पुढच्या स्टार्टला तो सगळा ढिलेपणा एका झटक्यात भरून निघतो.

उलटा झटका मात्र वेगळा आजार आहे आणि तो जास्त घातक आहे. ठिणगी लवकर पडून क्रँक उलटा फिरू लागला की स्प्रॅग पकडतो आणि क्रँक चेनमधून मोटरलाच उलटी फिरवू पाहतो. मोटरच्या आर्मेचरचे (फिरत्या गाभ्याचे) जडत्व क्रँकला गिअर प्रमाणाच्या वर्गाइतके वाढून जाणवते. मोटरच्या आतली गिअर आणि चेन मिळून प्रमाण दहास एक असेल तर शंभरपट. हा सगळा धक्का त्याच चार दातांवर येतो. नॉर्टनने १९७५ च्या कमांडो मार्क ३ मध्ये स्टार्टरच्या मार्गात ठरावीक भारापलीकडे घसरणारी जोडणी याच कारणासाठी घातली होती. तुमच्या किटमध्ये तसे काही नाही असे दिसते.

कळवा_कास्टआयर्न (ठाणे)

गरम असतानाच झटका बसतो म्हणजे ऑटो-अॅडव्हान्सची (इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) वजने परत मागे येत नसावीत. डिस्ट्रिब्युटर उघडून स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत का ते पाहावे, वजने हाताने उघडून सोडावीत आणि ती आपोआप पूर्ण मिटतात का याची खात्री करावी. नंतर पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप होणाऱ्या संपर्कांची) फट ठरवून टायमिंग (ठिणगीची वेळ) मॅन्युअलप्रमाणे लावावे; आधी टायमिंग आणि मग पॉइंट असे केले तर टायमिंग पुन्हा हलते. सेल्फ दाबलेला असताना मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज १० च्या खाली जात असेल तर बॅटरी, केबल आणि अर्थिंग यांकडे लक्ष द्यावे, कारण इंजिन सावकाश फिरले की पिस्टनला टीडीसी (सर्वात वरची जागा) ओलांडायला जोर उरत नाही आणि उलटा झटका आणखी सहज बसतो. तोपर्यंत वडिलांना सांगावे की गरम इंजिन चालू करताना डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) ओढून सेल्फ मारावा आणि इंजिनाने वेग घेतल्यावरच लिव्हर सोडावा.

ऐरोली_लेथ (नवी मुंबई)

कायमचा उपाय म्हणून चकतीच्या पोटात स्प्रॅग बसवता येईल का, हे आधी मोजावे. इंजिन स्प्रॉकेटच्या मागे पुरेशी जागा असेल तर चकतीचे बोअर (मधले भोक) वाढवून आत तयार स्प्रॅग बेअरिंग बसवता येते, मात्र आतल्या शाफ्टचा पृष्ठभाग कडक आणि ग्राइंड केलेला (घासून गुळगुळीत केलेला) असला पाहिजे. नुसत्या टर्निंगवर (लेथवर कापलेल्या पृष्ठभागावर) स्प्रॅग टिकत नाही. तुर्भे किंवा रबाळे एमआयडीसीत अशी ग्राइंडिंगची कामे होतात. स्प्रॅग क्रँककडे गेला की मोटरकडचा काढून तिथे स्प्रॉकेट पक्के करावे. प्रायमरी केसमध्ये मॉलिब्डेनम असलेले तेल घालू नये, त्याने क्लच आणि स्प्रॅग दोन्ही घसरतात.

नवी चेन त्या हुकासारखे दात झालेल्या चकतीवर चढवू नये. चेन, चकती आणि छोटे स्प्रॉकेट तिन्ही एकदम बदलावीत. चेन शक्यतो रिव्हेट केलेली अखंड घ्यावी, क्लिपचे चेन लॉक आणि अर्धी कडी या कामात नकोच. चकती नव्याने कापून घ्यायचीच असेल तर सेंटर आणि ढिलेपणाचा हिशोब पुन्हा करून ३० ऐवजी ३१ दात घ्यावेत. चेनच्या कड्या सम असतात, त्यामुळे ३१ दातांवर तीच कडी पुन्हा पुन्हा त्याच दातावर येत नाही.