प्रतिसाद: किनाऱ्यालगतचं घर ठरवण्याआधी

कुटुंबासोबत सुट्टीत राहायला समुद्रकिनारी भाड्याचं घर कसं निवडावं, या प्रश्नावर वर बहुतेकांनी 'घर पाण्याच्या जितकं जवळ तितकं उत्तम' असं लिहिलंय. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर मी आधी जिने बघेन. समुद्र दिसणारी खोली बरेचदा वरच्या मजल्यावर असते आणि दुखऱ्या गुडघ्यांना ती शिक्षाच होते. तळमजल्यावर झोपायची खोली आणि बाथरूम आहे का, हे मालकाला सरळ विचारा. नुसत्या फोटोंवर जाऊ नका.

तारखा ठरवताना भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघाच, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर आज सकाळी 9 वाजता मुलांना भरपूर वाळू मिळाली, तरी आठवड्याने त्याच वेळी पाणी वर चढलेलं असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा अरुंद किनाऱ्यावर बसायलाही जागा उरत नाही.

आणि कळकळीने सांगते, जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तिथे आत ओढणारा प्रवाह असू शकतो. मुलांना नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावं. हे मोठ्यांनाही निघण्याआधीच सांगून ठेवा.

स्वयंपाकाच्या पाळ्या मात्र घरीच ठरवा, नाहीतर एकाच व्यक्तीची सुट्टी ओट्यापाशी जाते.