नवीन चष्म्यातून सुईचं नेढं दिसत नाही, काय करू? (मदत हवी आहे)

शिलाईवाली_आर्वी
नमस्कार. दिवाळीच्या आधी नवीन चष्मा केला. २२०० रुपये गेले. घातला की ओट्याची पायरी आहे त्यापेक्षा खाली वाटते, दुपारपर्यंत डोकं जड होते. आणि शिलाईचं तर बोलायलाच नको. काळ्या ब्लाउजवर काळा दोरा, टीप कुठं गेली ते बोटानं चाचपून पाहावं लागते. ओव्हरलॉकमध्ये दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे ब्लाउज यायला लागतात, तेव्हा काय करू? दुकानदार म्हणते सवय होईल. काच बदलू की दुकानच बदलू? लवकर सांगा.

हिंगणघाटचा_बाळू
ताई, वय किती? नंबर किती निघाला? एकच भिंग आहे की खाली वेगळं आहे? आधी चष्मा होता का? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

प्रगत_शेतकरी
सरळ प्रोग्रेसिव्ह घ्या. मी घेतला, दूरचं, जवळचं, मोबाइल सगळं एकाच काचेत. खालचं भिंग ही जुनी पद्धत झाली. पैसे जास्त जातात पण एकदाच.

निवृत्त_मास्तर
शिलाईवालीला प्रोग्रेसिव्ह सुचवू नका हो. त्यात जवळचं दिसायची जागा अरुंद असते, बाजूचं पुसट दिसते. कापड डावीकडून उजवीकडे सरकतं, ती मान किती वळवणार? कामासाठी फक्त जवळचा मोठ्या काचेचा वेगळा चष्मा, आणि बाहेरसाठी दुसरा. माझी पत्नी चाळीस वर्षं शिवते, तिचं असंच आहे.

प्रगत_शेतकरी
मास्तर, तुम्ही स्वतः वापरून पाहिला आहे का? बुबुळाची उंची नीट मोजून बसवला तर काही होत नाही. लोक स्वस्तात करतात आणि मग नावं ठेवतात.

शिलाईवाली_आर्वी
भांडू नका जी, माझं काम अडून राहिलं. वय ४७. खाली अर्धचंद्रासारखं भिंग आहे. कार्डावर दोन्ही डोळ्यांना दूरचा -१.२५ आणि त्याखाली +२.०० असं लिहिलं आहे. जुना चष्मा फक्त जवळचा होता, १.५० चा. दूरचं मला आधी चष्म्याशिवायच दिसत होतं. नवल म्हणजे तो जुनाच घातला तर शिलाई बरी दिसते, पण त्याची दांडी मोडली, दोऱ्यानं बांधून किती दिवस चालवू?

वर्धेचा_चष्मेवाला
ताई, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. मी दुकानात नंबर काढायचं काम करतो म्हणून सांगतो. -१.२५ मध्ये +२ मिळवले की खालच्या भिंगात उरतो +०.७५. म्हणजे नवीन चष्म्याची जवळची ताकद तुमच्या जुन्याच्या निम्मी आहे. या वयात जवळचा नंबर वाढतो, असा उतरत नाही. आणि जिला दूरचं चष्म्याशिवाय दिसत होतं तिला अचानक उणे नंबर आला. असं मोतीबिंदू सुरू होताना होतं, नाहीतर साखर वाढल्यावर होतं. तुम्हाला शुगर आहे का? नंबर काढला तेव्हा किती होती?

शिलाईवाली_आर्वी
शुगर आहे ना. पण त्याचा चष्म्याशी काय संबंध? तेव्हा उपाशीपोटी २८० च्या वर होती, रात्री चारदा उठावं लागे, आणि दूरच्या एसटीची पाटीही वाचता येत नव्हती, म्हणूनच तर चष्म्याला गेली. चष्मा घरी आला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, आता १४० च्या आसपास राहते. ते तर चांगलं झालं ना?

वर्धेचा_चष्मेवाला
फार चांगलं झालं, आणि म्हणूनच चष्मा चुकीचा ठरला. डोळ्यात आपलं स्वतःचं एक भिंग असतं. रक्तात साखर खूप वाढली की त्या भिंगातही साखर आणि पाणी साठतं, ते फुगतं, आणि बहुतेकांना दूरचं पुसट दिसायला लागतं. तेव्हा मशीनवर जो नंबर येतो तो फुगलेल्या भिंगाचा. औषधानं साखर उतरली की भिंग हळूहळू मूळच्या आकाराकडे येतं, आणि त्या उणे नंबरचा चष्मा डोळ्याला नकोसा होतो. कधी तर उतरताना उलट बाजूला झुकतं, जवळचं आणखीच अवघड होतं. याला काही आठवडे लागतात. दुकानदारानं काच वाईट दिली असं मी म्हणणार नाही, पण शुगर विचारायला हवी होती.

म्हणून आता लगेच काच बदलू नका. आज नंबर काढला तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा हलेल. साखर साधारण सहा आठवडे एकसारखी राहू द्या, मग नंबर काढा. फ्रेम तीच राहील, फक्त काचा नव्या टाकायच्या.

कपाशीच्या_बांधावरून
ताई, डोयात शुद्ध मध घाला रोज सकायी. माया मामाचा चष्मा सुटला. अनं त्रिफळ्याच्या पाण्यानं डोये धुवा, कायले एवढे पैसे घालता?

निवृत्त_मास्तर
कृपा करून असं लिहू नका. घरचं मध आणि उकळून गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं. शुगरवाल्याच्या डोळ्यात जखम झाली किंवा पू झाला तर डोळा जातो. ज्याला पटेल त्यानं मध पोळीला लावून खावं, आणि शुगरवाल्यानं तेही जपून.

कपाशीच्या_बांधावरून
मामानं केलं ते सांगतलं जी. तुमाले नाई पटत तर रायलं.

सेलूची_नर्सताई
चष्मा बाजूला ठेवा, एक मोठी गोष्ट कोणीच विचारली नाही. ताई, पडदा तपासला आहे का? शुगर असणाऱ्यानं वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा दाखवायचाच असतो, दिसत असलं तरी. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात ते सुरुवातीला स्वतःला कळतच नाही, आणि नंबर काढणाऱ्या मशीनवर ते दिसत नाही. शुगर किती वर्षांपासून आहे? आणि शुगरशिवाय आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळ्या सांगा. बीपी?

शिलाईवाली_आर्वी
बीपीची एक. शुगर सात-आठ वर्षं. पडदा कधी कोणी पाहिला नाही, कोणी सांगितलंही नाही. आणि संधिवाताच्या गोळ्या, पण त्या डोळ्यासाठी नाहीत म्हणून लिहिल्या नाहीत. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दिलेली एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) २०० रोज दोन. शिवाय बोटं धरली, कात्री पकडता येत नाही अशा वेळी गावातले डॉक्टर बारीक पांढऱ्या गोळ्या देतात त्या.

सेलूची_नर्सताई
त्या पांढऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर नाव पाहा. प्रेडनिसोलोन किंवा तसलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्यानं दुखणं लवकर थांबतं खरं, पण साखर चढते, आणि बरेच दिवस घेतलं तर मोतीबिंदू येऊ शकतो, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. दिवाळीच्या आधी साखर एवढी का चढली याचं उत्तर तिथंही असू शकतं. मात्र रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

एचसीक्यू चांगलं औषध आहे, ते सोडू नका. पण त्याचाही पडद्याशी संबंध आहे. सुरू केल्यावर वर्षभरात एकदा पडदा पाहून ठेवायचा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. गोळीचं प्रमाण वजनावर ठरतं, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तुमचं वजन किती, हे त्या डॉक्टरांना नक्की विचारायला लावा. दोन गोळ्या म्हणजे ४०० मिलिग्रॅम, ८० किलोपेक्षा कमी वजन असेल तर विचारायलाच हवं.

हिंगणघाटचा_बाळू
आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा वार कोणता ते आधी विचारून घ्या. नाहीतर सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय, माझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालं. सकाळी लवकर गेलात तर एका दिवसात आटोपते.

पुलगावची_मंदा
आता बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून. पण आमच्याकडच्या सकाळच्या गाडीत चढायलाच मिळत नाही. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा तरी बरं होतं.

प्रगत_शेतकरी
शकुंतला? दोन तासांच्या वाटेला अर्धा दिवस लागायचा.

पुलगावची_मंदा
लागू द्या ना, बसायला जागा तर मिळे.

वर्धेचा_चष्मेवाला
गाडीचं नंतर. ताई, पडदा तपासायला जाताना सोबत कोणी घ्या. थेंब टाकले की काही तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, ओढणी डोळ्यावर घ्यावी लागेल. गाडी स्वतः चालवू नका. त्याच दिवशी चष्म्याचा नंबर मात्र काढून घेऊ नका.

तोवर कामासाठी जुन्या चष्म्याची दांडी बदलून घ्या. कोणत्याही दुकानात बसवतात, फार पैसे लागत नाहीत. नेढ्यामागे पांढरा कागद धरला आणि दोऱ्याचं टोक तिरपं कापलं तर लवकर ओवतं, नाहीतर ओवायची तार मिळते ती घ्या. काळे ब्लाउज सकाळच्या उजेडात.

शिलाईवाली_आर्वी
दांडी आजच बदलून आणते. पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट सापडलं, प्रेडनिसोलोनच लिहिलं आहे. मी रोज घेत नव्हती, पण महिन्यातून बरेच दिवस होतात. वजन ५८. म्हणजे ४०० जास्त होते का? मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. शुगरचे डॉक्टर वेगळे, सांध्याचे वेगळे, चष्मेवाला वेगळा, एकाला दुसऱ्याचं माहीत नाही.

सेलूची_नर्सताई
५८ किलोला ५ च्या हिशेबानं २९० होतात, म्हणून विचारायचंच. पण स्वतःहून गोळी कमी करू नका, डॉक्टर एक दिवस एक, एक दिवस दोन असंही देतात. सगळी पाकिटं, शुगरचे कागद आणि चष्म्याचं ते कार्ड एकाच पिशवीत घालून घेऊन जा, आणि प्रत्येकासमोर पूर्ण पिशवी ओता. मधल्या काळात डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके किंवा जाळं आलं, पडदा ओढल्यासारखं झालं, किंवा डोळा लाल होऊन दुखला तर वाराची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.

निवृत्त_मास्तर
आणि सहा आठवड्यांनी नवा नंबर आला की इथं लिहा. तेव्हा प्रोग्रेसिव्ह की वेगळा चष्मा ते ठरवू.