रजा गणपतीला राखायची आणि ताप अंगावर काढायचा?

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)
आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात हजेरी-पगाराचं काम बघतो. परवा सव्वाआठला गेटवर एक मावशी आली. कपाळाला बाम चोपडलेला, डोळे लाल, हाताला चटका बसेल इतका ताप. म्हटलं, घरी जा. म्हणाली, "जाते, पण हजेरी लावाल?" मी गप्प.

मग मस्टर काढून बसलो. कायम कामगारांच्या रजा दोनच ठिकाणी, शिमगा आणि गणपती. जुलैत आजारपणाची रजा जवळपास कोरी. पावसाळ्यात कोणी आजारीच पडत नाही? पडतो, पण रजा भाद्रपदासाठी गाठीला बांधलेली असते. म्हणून माझं मत, तापात कामावर येणं ही निष्ठा वगैरे काही नाही, हा आपलाच हिशेब आहे. मीही त्यातलाच.

काजूबी (सावंतवाडी)
साहेब, राखायला आधी रजा असावी लागते. वीस दिवस भरले की एक भरपगारी रजा, हे तुमच्या कायमवाल्यांचं. दीड-दोन महिन्यांच्या सीझनला येणाऱ्या बाईला कसली रजा? मावशीने उत्तर गेटवरच दिलं होतं. तुम्ही ते सोडून गणपतीपर्यंत कुठे गेलात?

कलमवाला (देवगड)
मालकाचंही ऐका. आंबा थांबत नाही. आज पिकलेला उद्या डागी, परवा खतात. चाळिसातले सहा घरी बसले की लाइन अडते. आणि ताप सांगून लग्नाला गेलेले मी स्वतः वरातीत नाचताना पाहिलेत. (मीही वरातीत होतो, तो भाग वेगळा.) खरा कोण, खोटा कोण, कसं ओळखायचं?

दर्यावर्दी (वेंगुर्ला)
आमच्या हापिसात तापाची रजा मागलंय की सायेब इचारता, "मगे गणपतीक खंयसून आणतलंस?" आता बाप्पाक फोन करून सांगू, औंदा येव नको म्हणान?

रानमोगरा (कुडाळ)
कलमवाले दादा, वरातीतला ओळखता आला तसा हाही येईल, थर्मामीटर ठेवा. मी आरोग्य केंद्रात काम करते. पावसाळ्यात लोक येतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल, आणि म्हणणं एकच, "लावणीने अंग मोडलंय." तापाची गोळी खाऊन तीन दिवस कामावर. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला जंतूंचा ताप) निघाला तर मूत्रपिंडापर्यंत जातो. गोळीने ताप उतरतो, लेप्टो नाही.

आणि खाडीपलीकडचे, ती मावशी रस भरायला चालली होती ना? अन्नसुरक्षेच्या नियमांत आजारी माणसाला खाद्यपदार्थाला हात लावू द्यायचा नसतो. प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

पालशेतकर (गुहागर)
मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. मार्चमध्ये हाताला सलाइन आणि कानाला हेडफोन, कॅमेरा बंद. रजा चौदा शिल्लक, अडवलं कोणी नव्हतं. पण माझ्या रजेत माझं काम कोणी करत नाही, ते माझी वाट बघत बसतं. रोजावर नसलेल्यांचंही असं होतं, एवढंच सांगायचं होतं.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)
काजूबी, मान्य. मी कायमवाल्यांचं मस्टर बघून सगळ्यांबद्दल बोललो. ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, लिहिणार होतो, पण तिथेही तेच. 21,000 पर्यंत पगार असेल तर आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर हा पैसा मिळतो पुढच्या जानेवारीपासून. मेमधला ताप तोवर थांबणार आहे थोडाच! सीझनवालीचे तर 78 भरतच नाहीत.

काजूबी (सावंतवाडी)
मग त्या दिवशी हजेरी लावलीत की नाही?

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)
अर्धी. दुसऱ्या दिवशी तिने सुनेला पाठवलं, जागा जाऊ नये म्हणून. तीही शिंकत होती.