डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि झाडपाल्याची क्रीमं: शून्य साइड इफेक्ट म्हणे!

गिरणाकाठ: काल एका ताईंनी टाकलं, "केमिकल फेका, वनस्पतीचं क्रीम लावा, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या महिन्यात गायब, साइड इफेक्ट शून्य." शून्य कसा हो? बावचीचं कच्चं तेल चोपडून मे महिन्यात जळगावात फिरून दाखवा. त्यात सोरालेन असतं, वरून ऊन लागलं की कातडी भाजते, फोड येतात. कोडावर बावची देतात ती याच गुणासाठी, तेही वैद्याच्या नजरेखाली. झाडाचं म्हणजे निर्धोक, तर मग धोतराही लावा. डोळ्यांजवळची कातडी सगळ्यात पातळ, तिची वाट लावतं ते ऊन, पण सनस्क्रीनचा तुमच्या पोस्टीत पत्ताच नाही.

चोपड्याची ताई: ती ताई मीच. आधी नीट वाचायचं असतं दादा. माझं क्रीम बाकुचिऑलचं, म्हणजे बावचीच्या बियांतून वेगळ्या काढलेल्या एका घटकाचं, कच्चं तेल कुठं म्हटलं? 2019 ला ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीत आलंय, 44 जण, 12 आठवडे, सुरकुत्यांवर रेटिनॉलइतकाच, म्हणजे क्रीमात घालतात त्या अ जीवनसत्त्वाच्या प्रकाराइतकाच फरक. उलट कातडी सोलली, चुणचुणली ती रेटिनॉलवाल्यांचीच. आणि गरोदर बाईला रेटिनॉल नको सांगतात, तिनं काय करायचं?

गिरणाकाठ: 44 जण! एवढे तर आमच्याकडे साखरपुड्याला रुसलेले असतात. आणि तिथं 0.5 टक्के होतं, दिवसातून दोनदा. तुमच्या ट्यूबवर टक्का छापलाय का? नसेल तर नुसता पानाफुलांचा फोटो लावताय तोंडाला. 12 आठवड्यांचा महिना कुठल्या पंचांगात असतो तेही सांगा.

रावेरची सून: एवढं भांडण कशाला, केळीच्या सालीची आतली बाजू घासा. आमच्या सासूबाई सत्तरीच्या, डोळ्यांजवळ एक रेघ नाही.

कापूसवाली: सासूबाई कधी बांधावर गेल्यात का? माझी आई उन्हात कापूस वेचून वेचून चाळिशीतच म्हातारी दिसायला लागली. साल घासायला वेळ तरी होता का तिला.

यावलचा केळीवाला: साल घासा म्हणे! इथं घडाला भाव नाही. 2016 ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पेढे वाटले, माझ्या खिशात काय आलं? बोर्डावर एक भाव अन् कापणीला व्यापारी बागेत आला की दुसरा, माल पातळ आहे, डाग आहे, हजार कारणं. वादळात बाग आडवी झाली तर विम्याच्या मागे फिरा.

सावद्याचा भाऊ: एकदम बरोबर भो. अन् मजूर मिळत नाही ते वेगळंच.

यावलचा केळीवाला: मजुराचं तर बोलूच नको, खोडं काढायला माणूस नाही.

भुसावळ लोको: अहो मंडळी, धागा डोळ्यांचा आहे!

यावलचा केळीवाला: मग आमच्या डोळ्यांभोवती काय कमी सुरकुत्या आहेत?

चोपड्याची ताई: महिना जास्तच झाला, मान्य, तीन लिहायला हवे होते. खुश? पण तुम्ही बावची अन् बाकुचिऑल एकाच पोत्यात भरलं त्याचं काय?

गिरणाकाठ: बरं, तुमचं बाकुचिऑल पावन. "शून्य" मात्र खोडा. अन् कानामागे लावून दोन दिवस बघा, मगच डोळ्यांकडे वळा, हेही लिहा.

चोपड्याची ताई: लिहिते. तुम्ही सनस्क्रीन लावता का स्वतः?

गिरणाकाठ: मी रुमाल बांधतो.

कापूसवाली: रुमालानं डोळे झाकतात का हो?